नाव-गाव हरवलेली प्रवासीण : ‘जॅक्सन काउंटी जेल’



या मालेत संतकवी येतात, नाटककार येतात, अधूनमधून एखादा इतिहासकारही येतो. ‘जॅक्सन काउंटी जेल’ हे नाव त्या पंगतीत बसणारे नाही. १९७६ साली अमेरिकेत निघालेला, दीड तासाहूनही कमी लांबीचा हा चित्रपट. त्याची जाहिरात अशी होती की आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहून मान फिरवली असती. तरीही पन्नास वर्षांनी त्याचा एक भक्तसंप्रदाय शिल्लक आहे, आणि त्यात नुसते आंबटशौकीन नाहीत. एक बाई एकटीने मोटार चालवत देश ओलांडायला निघते आणि वाटेत तिचे काय होते, एवढीच त्याची गोष्ट. ती गोष्ट मला महत्त्वाची का वाटते, ते येथे मांडतो. त्यात तुरुंगातल्या अत्याचाराचा विषय येणार आहे. तो टाळून या चित्रपटाविषयी काहीच सांगता येत नाही.

प्रथम हा चित्रपट कोणत्या जातकुळीचा, ते पाहू. अमेरिकेत त्याला ‘एक्स्प्लॉइटेशन’ म्हणतात. या शब्दाचा आपण घेतो तो ‘शोषण’ हा अर्थ पुढे त्याला चिकटला. चित्रपटधंद्यात मुळात तो जाहिरातबाजीचा शब्द होता. चित्रपटात लोकांना खेचून आणील असे जे काही असेल, त्याचा पुरेपूर फायदा उठवायचा. मोठा नट नाही, मोठा खर्च नाही, तर मग विषय तरी असा घ्यायचा की नुसत्या चित्रफलकावर तिकिटे विकली जावीत : मारामारी, मोटारींचा पाठलाग, उघडे अंग, तुरुंग. आपल्याकडच्या समीक्षेतला ‘गल्लाभरू’ हा शब्द याला बराच जवळचा आहे, म्हणून मी तोच वापरतो.

हे चित्रपट मुख्यतः ‘ड्राइव्ह-इन’मध्ये चालत. मोकळ्या मैदानात मोठा पडदा, आणि प्रेक्षक आपापल्या मोटारीत बसलेले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अशी चार हजारांहून अधिक ठिकाणे होती. १९६८ साली हॉलिवूडची जुनी आचारसंहिता जाऊन वयानुसार प्रमाणपत्रे देण्याची पद्धत आली, तेव्हा पडद्यावर काय दाखवता येते याची हद्द एकदम पुढे सरकली. मोठ्या कंपन्या दबकत दबकत त्या हद्दीकडे गेल्या. छोट्या कंपन्यांनी तिकडे धाव घेतली.

त्या छोट्यांत सर्वांत हुशार माणूस रॉजर कॉर्मन. १९७० साली त्याने भावाबरोबर ‘न्यू वर्ल्ड पिक्चर्स’ ही कंपनी काढली. एकीकडे ही कंपनी स्त्रियांच्या तुरुंगाचे भडक चित्रपट काढी, आणि दुसरीकडे बर्गमनचा ‘क्राइज अँड व्हिस्पर्स’ आणि फेलिनीचा ‘अमारकॉर्ड’ अमेरिकेत वितरित करी. बर्गमनचा चित्रपट त्याने ड्राइव्ह-इनमध्येसुद्धा लावला. कपोला, स्कॉर्सेसी, जोनाथन डेमी, रॉन हॉवर्ड, जेम्स कॅमरून यांनी सुरुवातीच्या काळात कॉर्मनच्या हाताखाली काम केले आहे. चिक्कू म्हणून त्याची ख्याती होती, आणि ती त्याने स्वतःच आवडीने पसरवली. शंभर चित्रपट काढून एक पैसाही बुडू दिला नाही, अशा आशयाचे शीर्षक त्याने आपल्या आत्मचरित्राला दिले.

तसा पैसा एकदा बुडाला होता, आणि ती हकिगत आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. १९६२ साली कॉर्मनने ‘द इंट्रूडर’ हा चित्रपट काढला. दक्षिणेतल्या एका गावात काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळतो आणि बाहेरून आलेला एक इसम गावाला भडकवतो, अशी त्याची कथा. चित्रपट सरळ, प्रामाणिक आणि निर्भीड होता. समीक्षकांनी वाखाणला, आणि प्रेक्षक फिरकले नाहीत. त्यावरून कॉर्मनने धडा घेतला तो असा : जे म्हणायचे ते वर ठेवायचे नाही, खाली ठेवायचे. वर पाठलाग आणि पिस्तूल, खाली समाजाविषयीचा राग. यापुढे त्याच्या कंपनीत येणाऱ्या तरुण दिग्दर्शकांना जणू पाककृतीच मिळे : इतकी मारामारी, इतकी नग्नता, थोडा विनोद आणि चिमूटभर सामाजिक आशय. ‘जॅक्सन काउंटी जेल’मध्ये ती चिमूट जास्त पडली. दिग्दर्शक मायकेल मिलर आणि लेखक डोनाल्ड स्ट्युअर्ट यांनी वरचा मसाला ठेवला, पण खालचा राग इतका चढवला की मसाल्याची चव लागेनाशी झाली.

आता कथा.

डायना हंटर ही लॉस एंजलिसमधली, जाहिरात कंपनीत वरच्या हुद्द्यावर काम करणारी बाई. एका ग्राहकाशी तिचे बिनसते आणि ती नोकरी सोडते. घरी येते, तर ज्याच्याबरोबर राहते तो दुसऱ्याच मुलीबरोबर. न्यूयॉर्कला तिचे जुने काम तिची वाट पाहत आहे. विमानाने न जाता मोटारीने जायचे ती ठरवते. हा निर्णय वेडेपणाचा म्हणून चित्रपट दाखवत नाही, हे ध्यानात घ्यावे. मोकळा रस्ता आणि स्वतःची गाडी हे अमेरिकी मनाचे मोठे स्वप्न आहे, आणि त्या देशाच्या कितीतरी कादंबऱ्या आणि चित्रपट त्यावर उभे आहेत. मात्र त्या रस्त्यावर जाणारा बहुधा पुरुष असतो. डायना तेच स्वप्न आपल्या हिमतीवर पाहते, एवढेच.

वाटेत ती एका तरुण जोडप्याला गाडीत घेते. मुलगी गरोदर दिसते, म्हणून तर घेते. तेच दोघे तिला लुटतात. मोटार जाते, पैसे जातात, आणि पर्स जाते. पर्समध्ये तिची सारी कागदपत्रे असतात. रात्री चालत चालत ती रस्त्याकडेच्या एका दारूच्या गुत्त्यात पोहोचते. तिला फक्त फोन करायचा असतो. तेथला गुत्तेवाला तिच्या अंगाशी येतो. पोलीस येतो तेव्हा तो गुत्तेवाला साळसूदपणे सारा दोष तिच्यावर टाकतो. गुत्तेवाला गावचा, पोलीस गावचा. बाई कोण? तिच्यापाशी कागद नाही. मग ओळख पटेपर्यंत तिला काउंटीच्या तुरुंगात ठेवले जाते.

या अर्ध्या तासात रक्त फारसे सांडत नाही, आणि माझ्या मते चित्रपटाचा सर्वांत भयंकर भाग हाच आहे. सकाळी जी बाई दहाजणांना कामाला लावू शकत होती, तिला रात्री स्वतःचे नाव सिद्ध करता येत नाही. ती नीट बोलते, मुद्देसूद बोलते, अधिकाराच्या स्वरात बोलते, आणि तोच तिचा गुन्हा ठरतो. ‘मी अमुक कंपनीत आहे’ हे वाक्य लॉस एंजलिसमध्ये दार उघडते. येथे ते ऐकून समोरच्याच्या कपाळावर आठी पडते.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांना यातले काही वेगळे करून सांगावे लागणार नाही. घरातली मुलगी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परगावी निघाली की तिच्या हाती डब्याबरोबर दोन-चार पत्ते दिले जात. बडोद्याला आत्याचे दीर आहेत, ग्वाल्हेरला अमक्यांचा वाडा विचार, हैदराबादेत उतरलीस की आधी काकांकडे जा. पोलीस ठाण्याचा पत्ता कुणी दिला नाही. परमुलुखात आपल्याला ओळखणारे एक तरी माणूस असावे, हे आपल्या वडीलधाऱ्यांना पक्के ठाऊक होते, आणि कायदा हा त्या माणसाला पर्याय होऊ शकतो यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. त्या पत्त्यांचा मुलींना जाच होई, हेही खरे. काका सांभाळत तसे पहाराही ठेवत. डायनापाशी असा एकही पत्ता नाही. तिला तो जाच नको होता, आणि कुणाच्या ओळखीवाचून हिंडता येणे हा तिचा हक्कच होता. तो हक्क कागदाच्या आधारावर उभा होता आणि कागद चोरीला गेला.

चित्रपट कळायला अमेरिकी ‘काउंटी’ म्हणजे काय, ते थोडे माहीत हवे. राज्याच्या खालचा हा घटक, ढोबळमानाने आपला जिल्हा म्हणावा, पण पुष्कळ ठिकाणी आपल्या तालुक्याहूनही कमी वस्तीचा. तेथला पोलीसप्रमुख म्हणजे शेरीफ. मुंबईला पूर्वी मानाचे पद म्हणून जो शेरीफ नेमत, त्याचा याच्याशी संबंध नाही. हा बहुधा मतदानाने निवडून येतो आणि आपले मदतनीस, म्हणजे डेप्युटी, स्वतः नेमतो. काउंटीचा तुरुंग त्याच्याच ताब्यात असतो. तेथे प्रामुख्याने कच्चे कैदी आणि छोट्या शिक्षेचे कैदी ठेवतात. मोठ्या शिक्षेचे कैदी राज्याच्या वेगळ्या बंदिशाळांत जातात. म्हणजे असे की ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे असे पुष्कळजण या जेलमध्ये असतात, आणि त्यांची किल्ली ज्याच्या कमरेला, तो शेजारपाजारच्या मतांवर निवडून आलेल्या माणसाने नेमलेला असतो. परक्या बाईला त्या गावात मत नसते. जॅक्सन नावाच्या काउंट्या अमेरिकेत वीसहून अधिक आहेत. हे नाव ठेवण्यात लेखकाचा हेतू काय होता ते असो, परिणाम असा होतो की ही जागा नकाशावर कोठेही असू शकते.

शेरीफ डेम्सी हा माणूस दुष्ट नाही, आणि येथे चित्रपट आपल्या जातभाईंपेक्षा शहाणा ठरतो. गल्लाभरू चित्रपटांत दक्षिणेतला शेरीफ म्हणजे ढेरपोट्या, तंबाखू थुंकणारा राक्षस. सेव्हर्न डार्डनने रंगवलेला डेम्सी नियमाने चालणारा, थोडा कंटाळलेला अधिकारी आहे. बाईची चौकशी होईल, ओळख पटली की सोडू, असे त्याचे म्हणणे, आणि ते खोटेही नाही. तो रात्री घरी जातो. पहाऱ्यावर डेप्युटी उरतो, आणि त्या रात्री कोठडीत तो तिच्यावर बलात्कार करतो. नंतर ती हाताला लागलेले स्टूल उचलून त्याला मारते, आणि तो मरेपर्यंत थांबत नाही. शेजारच्या कोठडीत कोली ब्लेक नावाचा कैदी आहे. तो तिला तेथून बाहेर काढतो आणि दोघे पळतात.

हा प्रसंग कसा चित्रित केला आहे, यावर बरीच चर्चा होते. माझे मत सांगतो. पाहणाऱ्याला मजा वाटेल अशी सोय त्यात केलेली नाही. इव्हेट मिम्यू ही नायिका त्या प्रसंगानंतर जशी वागते, ते पाहिले की ज्याने चवीसाठी तिकीट काढले असेल त्याचीही मान खाली जावी. तिला रडूही येत नाही. पुढे बराच वेळ ती कुणी हाताला धरून नेईल तशी चालते. परंतु तिकीट विकले गेले ते त्याच रात्रीच्या नावावर, हेही तितकेच खरे. जाहिरातीत बोभाटा होता तो तुरुंगात बाईचे काय होते याचाच. ज्या प्रेक्षकाची मान खाली घालायची, त्याला आत बोलावण्यासाठी तेच दाखवू म्हणून सांगायचे, असा हा व्यवहार आहे. चित्रपट चांगला आहे म्हणून तो व्यवहार स्वच्छ होत नाही, आणि व्यवहार अस्वच्छ आहे म्हणून चित्रपट खोटाही होत नाही. आपण दोन्ही ध्यानात ठेवून पाहावे.

मिम्यूबद्दल एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९६० साली, ऐन तारुण्यात, तिने ‘व्हेअर द बॉइज आर’ या एमजीएमच्या चित्रपटात काम केले होते. त्यातही स्त्रियांचा प्रवास आहे : कॉलेजातल्या चार मैत्रिणी सुटीत फ्लॉरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या समुद्रकिनारी जातात. चित्रपट हसताखेळता, गाण्याबजावण्याचा. पण चौघींपैकी जी मुलांबरोबर ‘फार पुढे’ जाते, ती मिम्यूची मेलनी, तिच्यावर अत्याचार होतो. ती भ्रमिष्टासारखी हमरस्त्यावर चालत सुटते आणि मोटारीचा धक्का लागून इस्पितळात पोहोचते. उरलेल्या मैत्रिणींना धडा मिळतो. आचारसंहितेच्या काळातल्या त्या सभ्य चित्रपटात नग्नता नाही, पण म्हणणे स्वच्छ आहे : वाट सोडलीस, भोग फळ. सोळा वर्षांनी तीच नटी पुन्हा रस्त्यावर येते, या वेळी असभ्य म्हणवल्या जाणाऱ्या चित्रपटात, आणि हा चित्रपट तिला एका शब्दानेही दोष देत नाही. तिने एकटीने का निघावे, अनोळखी जोडप्याला गाडीत का घ्यावे, रात्री गुत्त्यात का शिरावे, असे एकही ‘का’ तो विचारत नाही. ते प्रश्न पडद्यावरचे पोलीस विचारतात, आणि आपल्याला त्यांचाच संताप येतो. दोहोंपैकी सभ्य कोणता, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१९७६ साली हा चित्रपट पाहणाऱ्या अमेरिकी प्रेक्षकाच्या मनात एक खरे प्रकरण ताजे असणार. उत्तर कॅरोलायनातल्या बोफोर्ट काउंटीच्या तुरुंगात जोन लिटल ही विशीतली काळी मुलगी घरफोडीच्या शिक्षेवर अपील करून थांबलेली होती. २७ ऑगस्ट १९७४च्या पहाटे तिच्या कोठडीत तेथला गोरा जेलर मेलेला आढळला. बर्फ फोडायच्या टोच्याने त्याला वार केलेले होते, आणि त्याच्या कमरेखाली वस्त्र नव्हते. जोन पळाली होती. काही दिवसांनी ती स्वतःहून हजर झाली. खुनाचा आरोप ठेवला गेला. शाबीत झाला असता तर देहदंडाची धास्ती होती. देशभरातून तिच्या बचावासाठी पैसा उभा राहिला, आणि डेट्रॉइटमध्ये त्या कामात पुढाकार घेणाऱ्यांत, बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स होत्या. खटला रॅले शहरात हलवण्यात आला. १५ ऑगस्ट १९७५ रोजी सहा काळ्या आणि सहा गोऱ्या पंचांनी दीड तासाच्या आत तिला निर्दोष ठरवले.

पुढच्याच वर्षी आलेल्या चित्रपटाने यावरूनच कथा घेतली, असे मी म्हणत नाही. पण दोन्ही शेजारी ठेवल्या की एक फरक नजरेत भरतो. पडद्यावरची बाई गोरी आहे, सुशिक्षित आहे, मिळवती आहे, तिने काहीच केलेले नाही. खऱ्या तुरुंगातली काळी होती, गरीब होती, आणि चोरीसाठी दोषी ठरलेली होती. प्रेक्षकाला कळवळा यावा म्हणून चित्रपटाला निष्कलंक नायिका लागली. जोन लिटलच्या पंचांना ती लागली नाही. या एका बाबतीत उत्तर कॅरोलायनातले ते बाराजण कॉर्मनच्या कंपनीपेक्षा धीट निघाले, असे मला वाटते.

आणि आता हा विषय आपल्या घराशी येतो. २६ मार्च १९७२ची रात्र. स्थळ, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातले देसाईगंज पोलीस ठाणे. एका आदिवासी मुलीला तिच्या भावाच्याच तक्रारीवरून जबाबासाठी ठाण्यात आणले होते. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगून तिला आत ठेवून घेण्यात आले. नातेवाईक बाहेर उभे होते. आत दोन पोलिसांनी केलेल्या अत्याचाराचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, तेव्हा तिची संमती नव्हती असे म्हणता येत नाही, असा एकंदर रोख. पोलीस ठाण्यात, रात्री, दार लावलेले असताना तिने कोणाला हाक मारायची होती, हा प्रश्न मग १९७९ साली चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रातून देशासमोर आला : उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. त्यातून चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसाच्या किंवा तुरुंगाच्या ताब्यात असलेल्या स्त्रीच्या बाबतीत शरीरसंबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि ती संमती नव्हती असे म्हणाली, तर न्यायालयाने संमती नव्हतीच असे गृहीत धरावे, अशी तरतूद झाली.

देसाईगंजच्या मुलीचे नाते डायनाशी जोडताना जपून जोडले पाहिजे. डायना घरापासून शेकडो मैल दूर होती, तिला ओळखणारे तेथे कुणी नव्हते. ही मुलगी आपल्याच मुलखात होती. तिला ओळखणारी माणसे दाराबाहेर, हाकेच्या अंतरावर उभी होती, आणि त्यांचा उपयोग झाला नाही. मघाशी मी पत्त्यांविषयी जे म्हटले त्याची मर्यादा येथे दिसते. ओळखीचे माणूस असून भागत नाही. त्या माणसाच्या शब्दाला ठाण्यात वजन असावे लागते. काकांच्या शब्दाला ते होते, कारण काका वकील होते, मास्तर होते, संस्थानात कारकून तरी होते.

चित्रपटाचा उत्तरार्ध मी थोडक्यात उरकतो, कारण त्यातला बराचसा पाठलाग आहे आणि पाठलाग सांगण्यात अर्थ नसतो. कोलीचे काम टॉमी ली जोन्सने केले आहे. हार्वर्डमध्ये शिकलेला हा नट तेव्हा कुणाला फारसा माहीत नव्हता. पुढे ‘द फ्युजिटिव्ह’मध्ये पळालेल्या कैद्याच्या मागावरचा अधिकारी होऊन त्याने ऑस्कर मिळवले, हा योगायोग गमतीचा. कोली चोर आहे आणि चोर असल्याचे लपवत नाही. त्याच्या मते या देशात सगळेच चोर आहेत, तो फक्त मान्य करतो. डायनाचा अजून कायद्यावर विश्वास आहे. तिला शरण जाऊन काय घडले ते सांगायचे आहे. तुझे कोण ऐकणार, असे तो तिला विचारतो. त्या दोघांत प्रेमप्रकरण रंगवायचा मोह चित्रपटाने जवळजवळ टाळला आहे, याचे मला कौतुक वाटते. त्यांच्यात तयार होते ती एका वाटेवरच्या दोघा थकलेल्यांची माणुसकी.

शेवट एका गावच्या मिरवणुकीत आहे. १९७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे दोनशेवे वर्ष. गावोगावी बँड, झेंडे, जुन्या सैनिकांचे पोशाख. त्या गर्दीत पोलीस कोलीला गाठतात आणि गोळ्या घालतात. तो राष्ट्रध्वजावर कोसळतो. प्रतीक ढोबळ आहे, हे मान्य. पण त्या वर्षी मोठ्या कंपन्यांचे चित्रपटही देशाविषयी फार गोड बोलत नव्हते, आणि कॉर्मनच्या प्रेक्षकाला सूक्ष्म प्रतीके देऊन उपयोगही नव्हता. मला जास्त लक्षात राहते ते त्यानंतरचे : डायना पोलिसांच्या गाडीत बसलेली. तिच्या चेहऱ्यावरून काही वाचता येत नाही.

या चित्रपटाच्या लेखकाचे पुढे काय झाले, तेही सांगण्याजोगे आहे. डोनाल्ड स्ट्युअर्टने कोस्ता-गाव्रास यांच्याबरोबर १९८२च्या ‘मिसिंग’ची पटकथा लिहिली आणि तिला ऑस्कर मिळाले. चिलीतल्या लष्करी उठावात बेपत्ता झालेल्या अमेरिकी तरुणाच्या शोधात त्याचा बाप सरकारी कचेऱ्यांची दारे झिजवतो, आणि प्रत्येक टेबलामागचा सभ्य माणूस त्याला चौकशी चालू असल्याचे सांगतो. डेम्सी शेरीफचाच तो मोठ्या हुद्द्यावरचा भाऊ म्हणायचा. गल्लाभरू चित्रपटात जी जाण दिसली, तिलाच सहा वर्षांनी मानाचे आसन मिळाले.

आपल्यातल्या ज्येष्ठांना बी. आर. चोप्रांचा ‘इन्साफ का तराजू’ आठवत असेल. तो ज्यावर बेतला आहे तो ‘लिपस्टिक’ १९७६चाच, पण पॅरामाउंट या मोठ्या कंपनीचा. तेथे न्यायालय आहे, भाषणे आहेत आणि शेवटी नायिकेच्या हातात बंदूक आहे. १९८० साली तो हिंदीत आला तेव्हा देसाईगंजच्या निकालावरून मोर्चे निघत होते, त्यामुळे त्याला जास्तच गर्दी झाली. आपल्याकडेही चित्रफलक कशाचे रंगले होते, हे त्या गर्दीत उभे राहिलेल्यांना विचारावे. पुढे १९९१ साली ‘थेल्मा अँड लुईस’ने तोच रस्ता, तोच गुत्ता आणि तोच ‘आपले कोण ऐकणार’ हा प्रश्न घेतला आणि त्याला जगभर टाळ्या मिळाल्या. त्या टाळ्या रास्तच होत्या. फक्त त्या बायकांच्या आधी, कमी पैशांत आणि कमी आशेने, डायना हंटर त्या वाटेने गेलेली होती.

चित्रपट मुलाबाळांसह पाहण्याचा नाही. ज्यांना तो प्रसंग सोसणार नाही त्यांनी तो पाहू नये, आणि त्याबद्दल स्वतःला कमी लेखू नये. पाहणाऱ्यांनी मात्र जेलपाशी थांबू नये. गुत्त्यातल्या त्या अर्ध्या घटकेकडे नीट पाहावे. पोलीस दारात उभा आहे, गुत्तेवाला बोलतो आहे, आणि डायना दोघांकडे आळीपाळीने पाहत आपले नाव पुन्हा पुन्हा सांगते आहे.

१९७८ साली मिलरने मिम्यूलाच घेऊन दूरचित्रवाणीसाठी ‘आउटसाइड चान्स’ नावाने ही कथा पुन्हा मांडली. सुरुवात तीच, पण पुढची वाट बदलली. घराघरांत दिसणार म्हणून बरेच काही सौम्य केले गेले. तुरुंगातली ती रात्र मात्र कथेतून काढता आली नाही.